पिवळ्यात पिवळी

टीव्हीतून चित्राऐवजी भोंऽ असा आवाज आला, तेव्हा त्याने आधी टीव्हीला दोष दिला, मग वायरला, आणि मग डिस्क प्लेयर सात वर्षं माळ्यावर टाकून ठेवणाऱ्या बायकोला. बायको घरात नव्हती, त्यामुळे हा तिसरा दोष मनातल्या मनातच देऊन झाला. ती थोरल्या बहिणीला आणायला बसथांब्यावर गेली होती. जाताना बजावून गेली होती, "आम्ही चारला येतो. तोवर तेवढं जोडून ठेवा. तीन तर पिना आहेत. पिवळ्यात पिवळी, पांढऱ्यात पांढरी, लालमध्ये लाल. लहान मूलसुद्धा करेल." लहान मूल करेल असं साठीच्या माणसाला कधी सांगू नये, मग जमलं तर कौतुक नाही आणि नाही जमलं तर तोंड दाखवायला जागा नाही. पण तो हसला होता. तेहेतीस वर्षं ज्याने लोकांचे दात घडवले, तेही असे की शेजारच्या खऱ्या दातालासुद्धा पत्ता लागू नये, त्याला तीन पिनांचं काय! हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे असतात म्हणतात. तो एकाच दातात दोन्ही बसवून देत असे. रविवारची दुपार होती. जेवण झालं होतं, खिडकीतून ऊन आत आलं होतं, आणि बायकोच्या गायनमंडळाच्या कार्यक्रमाची डिस्क कागदी पाकिटातून काढून त्याने प्लेयरच्या तोंडात ठेवली होती. प्लेयरने ती गिळली, आत काहीतरी गरगरलं, आणि भोंऽ.

टीव्ही कपाटाच्या खणात घट्ट बसवलेला होता आणि त्याच्यामागे हात जाईल एवढीच फट होती. डोकं जाण्याचा प्रश्नच नव्हता. पण त्याच्या खिशात कायम दातांच्या डॉक्टरांचा असतो तसला लांब दांड्याचा छोटा गोल आरसा असे. तो त्याने फटीत सरकवला, दुसऱ्या हातात टॉर्च धरला, आणि आरशात तीन भोकं एका रांगेत दिसली, प्रत्येकाभोवती रंगाचं कडं. दाढा काढलेल्या हिरडीसारखं ते दृश्य त्याला ओळखीचं वाटलं, थोडा धीरही आला. पिना काढल्या. एकेक उजेडात धरून पाहिली. पिवळी पिवळ्यात. पांढरी पांढऱ्यात. लाल लालमध्ये. पुढे येऊन रिमोट दाबला. पुन्हा भोंऽ. पडदा काळा, मधूनच एखादी पांढरी रेघ आडवी पळून जायची. नीट ऐकलं तर त्या भोंगाटाच्या खालून, उजव्या बाजूच्या स्पीकरमधून, बारीक आवाजात बायका गात होत्या. म्हणजे लाल पिन तरी बरोबर होती. पन्नास बायका गात होत्या आणि त्यांतली एक त्याची होती, पण कुठली ते दिसायला मार्ग नव्हता. तो पुन्हा मागे गेला. पुन्हा पिना काढल्या. आणि तिसऱ्यांदा पिन भोकाकडे नेताना त्याचा हात मध्येच थांबला. ही कुठे जाते, असं त्याने स्वतःला विचारलं, आणि प्रश्न मनात उमटला तो त्याच्या आवाजात नव्हता. "ही कुठे जाते रे?" वडिलांचा आवाज. रंग बघून त्याने पिना तिसऱ्यांदा खोचल्या, पुन्हा भोंऽ झालं, आणि तो होता तसा जमिनीवर बसला.

वडील रेडिओ दुरुस्त करत. एका अरुंद दुकानात, मागे फळ्यांवर पोट उघडे टाकलेले रेडिओ, पुढे एक टेबल, आणि टेबलावर सोल्डरचा वास. गिऱ्हाईक रेडिओ घेऊन आलं की वडील तो उघडण्याआधी कानाला लावत आणि डोळे मिटत, आणि बहुतेक वेळा तिथेच सांगत की काय बिघडलंय. डोळे उघडे ठेवले की माणूस फसतो, असं त्यांचं म्हणणं. मुलाने दातांच्या कामात शिरायचं ठरवलं तेव्हा त्यांनी एवढंच म्हटलं होतं, "बाबा रे, आपण आवाजातली माणसं. तू रंगात निघालास. सांभाळ." आणि मग एका दुपारी, एकसष्टाव्या वर्षी, हाच माणूस हातात एक साधी दोन पायांची पिन धरून दुकानात उभा राहिला. समोर भिंतीत दोन भोकं. ती पिन त्यांनी आयुष्यात लाखभर वेळा तरी खोचली असेल. डबा घेऊन आलेल्या मुलाकडे वळून त्यांनी विचारलं, "ही कुठे जाते रे?" मुलाला वाटलं, थट्टा करताहेत. तो हसलासुद्धा. त्या हसण्याचं त्याला अजून वाईट वाटतं. कारण त्यानंतर चार वर्षांत एकेक गोष्ट गेली, दुकान गेलं, रस्ता गेला, बायकोचं नाव गेलं, आणि शेवटी मुलगा समोर बसला तरी ते अत्यंत आदराने त्याला "आपण कुठून आलात?" असं विचारू लागले. सगळी सुरुवात एका पिनेपासून झाली होती. आणि तो स्वतः आता दोन महिन्यांनी एकसष्टचा होणार होता.

हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, पण गेले काही महिने तो स्वतःविरुद्ध पुरावे गोळा करत होता, एखादा शेजारी दुसऱ्या शेजाऱ्यावर ठेवतो तशी पाळत ठेवून. किल्ली विसरणं, हे एक. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांचं आडनाव जिन्यात न आठवणं, हे दुसरं. एकदा चहात दोनदा साखर घातली. यातलं एकेक कुणाच्याही बाबतीत घडतं हे त्याला कळत होतं; पण वडिलांच्या बाबतीतही आधी ते कुणाच्याही बाबतीत घडतं तसंच घडलं होतं. सगळ्यात वाईट पुरावा या डिस्कमधल्या कार्यक्रमाचाच होता. सभागृहातून घरी येताना त्याने बायकोला म्हटलं होतं, "पांढऱ्या कपड्यांत तुम्ही सगळ्या इस्पितळातल्या नर्सेससारख्या दिसत होतात. एखादी येऊन सुई टोचेल की काय अशी धाकधूक." त्याला वाटलं ती खळखळून हसेल. तिने त्याच्याकडे वळून पाहिलं, "पांढऱ्या?" एवढंच म्हणाली आणि घरी येईपर्यंत गप्प राहिली. मंडळाने महिनाभर वाद घालून फिका पिवळा रंग ठरवला होता. तिनेच ते त्याला तीनदा सांगितलं होतं. तिला वाटलं, याने आपल्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याला वाटलं, एका तासापूर्वी बायकोच्या अंगावर काय होतं तेही माझ्या लक्षात राहत नाही. दोघंही आपापल्या जागी दुखावून झोपले. आणि दातांचं तर विचारायलाच नको.

दातांच्या कामात पांढरा नावाचा रंग नसतो. त्याच्या टेबलावर सोळा नमुन्याच्या दातांचा एक पंखा होता, पत्त्यांसारखा उघडणारा, आणि त्या सोळा दातांत पांढऱ्याचे सोळा प्रकार: एकात पिवळ्याची झाक, एकात करड्याची, एक सायीसारखा, एक हाडासारखा. लोकांना ते सगळे सारखे दिसत. त्याला ते सोळा भावंडांसारखे वेगवेगळे ओळखू येत. त्या जोरावर त्याने नाव मिळवलं. ज्यांच्या दवाखान्यासाठी तो दात बनवी त्या डॉक्टरीणबाई पेशंटला सांगत, "आमच्या मास्तरांनी शेड लावली म्हणजे तुमच्या आईलासुद्धा ओळखू येणार नाही, खोटा कोणता ते." आणि गेल्या दोन महिन्यांत तीन दात परत आले. एका शिक्षिकेचा पुढचा दात इतका पांढरा की पोरं फळ्याकडे बघायची सोडून दाताकडे बघत बसतील. एका कारकुनाचा सुळा इतका पिवळा की त्याने दवाखान्यात सरळ विचारलं, हा वापरलेला देता का? तिसऱ्याबद्दल तर डॉक्टरीणबाई काही बोलल्याच नाहीत. नुसता डबी उघडून टेबलावर ठेवून गेल्या, आणि ते बोलण्याहून वाईट होतं. त्याने आधी चिनी मातीच्या पावडरीला दोष दिला. मग खिडकीसमोर उभ्या राहिलेल्या नव्या इमारतीला, तिने उजेड अडवला म्हणून. आणि गुरुवारी डॉक्टरीणबाईंसमोर त्याने तो दोष भट्टीबाईंना दिला. भट्टीबाई म्हणजे त्याच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या, अठरा वर्षं त्याच्याबरोबर काम केलेल्या बाई. दात रंगवून झाला की शेवटची चकाकी देऊन तो भट्टीत भाजायचं काम त्यांचं. "शेड मी बरोबर लावतो," तो म्हणाला, "भट्टीत जाऊन बदलते. लक्ष नाही तुमचं." भट्टीबाईंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग "बरं" म्हणाल्या आणि भट्टीचं दार पुसायला लागल्या. नजरेवर शंका घ्यावी, असं त्या दोन महिन्यांत त्याला एकदाही सुचलं नाही. पावडर, उजेड, भट्टी, शेजारी बसलेली बाई, एवढंच काय, स्वतःचं डोकं, या सगळ्यांना त्याने एकेक करून आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. नजर तेवढी न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून राहिली. तीच तर त्याची भाकरी होती. तिच्याकडे बोट कोण दाखवणार?

आणि आता तो जमिनीवर बसला होता, हातात आरसा आणि टॉर्च, मागे भोंगा चालू. तो बंद करायचंही त्याला भान नव्हतं. वडिलांचा तो आदराचा चेहरा त्याला दिसत होता. आपण बायकोला कधी तसं विचारू? आधी तिचं नाव जाईल की रस्ता? त्याला वाटलं, ती येईपर्यंत वायर लपवून ठेवावी आणि सांगावं, प्लेयर बिघडलाय. म्हणजे आणखी एक दिवस मिळेल. वडिलांनीही असंच केलं असेल का? त्या दुपारच्या आधी कितीतरी दुपारी त्यांनी पिना लपवल्या असतील, गिऱ्हाइकांना उद्या या म्हणून सांगितलं असेल. एवढं एकटं ते दुकानात बसले असतील हे त्याला पंचवीस वर्षांत पहिल्यांदा कळलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात दारात किल्ली फिरली.

"काय दातवाले, टीव्हीची दाढ काढताय की काय?" बायकोची थोरली बहीण बसने आली तरी आवाजाने आधीच पोचत असे. लग्नाच्या दिवसापासून ती त्याला दातवाले म्हणे आणि तो तिला ताई. तिच्यामागून बायको आत आली, पिशवी ठेवली, पहिल्यांदा तो भोंगा बंद केला, आणि त्याच्या हातातला आरसा आणि टॉर्च घेऊन कपाटाच्या फटीत बघत म्हणाली, "अहो, पांढरी पिवळ्यात घातलीय तुम्ही. आणि पिवळी पांढऱ्यात."

"नाही," तो म्हणाला.

"नाही काय? ही काय आरशात दिसतेय!"

"मी तीनदा बघून घातलीय."

"मग तीनदा चुकलंत." ती हसत वळली, आणि त्याचा चेहरा पाहून तिचं हसू गेलं. "काय झालं? बरं वाटत नाही का?"

तो ठरवून काही बोलला नाही. ते आपोआप बाहेर पडलं. "वडिलांसारखं होतंय मला," तो म्हणाला. "त्यांचंही पिनेपासूनच सुरू झालं होतं. मी तुला सांगणार होतो. किल्ल्या विसरतो, नावं विसरतो. त्या दिवशी तुझे कपडेसुद्धा आठवले नाहीत मला. बघितलं नव्हतं असं नाही गं. बघितलं होतं. पण डोक्यात राहिलंच नाही." बायको त्याच्याशेजारी जमिनीवर बसली आणि तिने त्याचा हात धरला. तिने सासऱ्यांचं सगळं केलं होतं, शेवटची चार वर्षं, आणि तिला काय काय आठवत असेल ते तिच्या हातावरून कळत होतं. दोघं तशीच बसून राहिली. ताई मात्र खुर्चीत टेकली नव्हती. तिने फटीत हात घालून पिना उपटल्या, वायर खिडकीशी नेली आणि परत येऊन एक पिन त्याच्या नाकासमोर धरली.

"ही कुठल्या रंगाची?"

"ताई, आत्ता नको," बायको म्हणाली.

"तू गप गं. सांगा, ही कुठली?"

"पिवळी."

"आणि ही?"

तो बघत राहिला. "ही... हीसुद्धा जरा पिवळीच. जुनी झालीय वायर. पण आधीच्या मानाने..." त्याला सोळा दातांचा पंखा आठवला आणि तो थांबला. दोन्ही एकाच घरातल्या होत्या. तो गेला अर्धा तास त्यांतली एक पिवळी आणि एक पांढरी असं ठरवत होता, बघत नव्हता.

"आता उजवा डोळा झाका," ताई म्हणाली.

त्याने तळवा उजव्या डोळ्यावर ठेवला. एक पिन पिवळी झाली आणि दुसरी पांढरी. अगदी पांढरीशुभ्र नव्हे, जुन्या प्लास्टिकची असते तशी, पण पांढरी. त्याने तळवा डावीकडे नेला. दोन्ही पिवळ्या. पुन्हा उजवीकडे नेला. एक पिवळी, एक पांढरी. त्याने हे पाच-सहा वेळा केलं. पुढे तर त्याने खिडकीवर केलं, भिंतीवर केलं, ताईच्या केसांवर केलं. एका डोळ्याला ते पांढरे होते आणि दुसऱ्याला चहा सांडल्यासारखे.

"मोतीबिंदू," ताई म्हणाली. "डॉक्टर बघतीलच, पण माझ्याकडून आजच लिहून घ्या. गेल्या वर्षी माझं झालं ना? त्याआधी दोन वर्षं मी लाँड्रीवाल्याशी भांडत होते, चादरी पिवळ्या करतोस म्हणून. एकदा तर त्याच्या अंगावर चादर फेकली. ऑपरेशन झालं, घरी आले, बघते तर चादरी पांढऱ्या, भिंती पांढऱ्या, आणि आमच्या ह्यांची मिशीसुद्धा पांढरी! त्या बिचाऱ्याची माफी मागायला दुकानात जावं लागलं. चार लोकांसमोर. म्हणाला, बाई, मला माहीत होतं, पण गिऱ्हाइकाच्या डोळ्याला नाव कसं ठेवायचं?"

"पण किल्ल्या?" त्याने विचारलं.

"किल्ल्या तर मी सतराव्या वर्षापासून विसरतेय. अहो, डोकं गेलं असतं तर दोन्ही डोळ्यांना सारखंच गेलं असतं की नाही? एक झाकला की येतं आणि दुसरा झाकला की जातं, असं कुठलं डोकं असतं?"

या वादात हरल्याचा त्याला जेवढा आनंद झाला, तेवढा आयुष्यात कधी जिंकल्याचाही झाला नव्हता. तो हसायला लागला. बायकोही हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली, आणि ताई म्हणाली की तुम्ही दोघं वेडे आहात, मी चहा टाकते. छातीवर ठेवलेलं काहीतरी कुणी उचलून बाजूला ठेवावं तसं त्याला वाटत होतं. डोळा तर डोळा. काच धूसर झाली तर काच बदलता येते. वडिलांची बदलता आली नाही. त्यांच्यासाठी त्याला वाईट वाटलं, पण ते वाईट वाटणं आता वेगळं होतं, त्यांचं त्यांच्यापाशी राहणारं; त्यात त्याचा स्वतःचा चेहरा दिसत नव्हता. बायको नाक पुसत उठली आणि पिना बदलून लावू लागली. आणि तिच्या बोटांकडे बघता बघता त्याला लाँड्रीवाला आठवला, आणि लाँड्रीवाल्यावरून गुरुवार.

तो फोन घेऊन आतल्या खोलीत गेला. भट्टीबाईंनी पहिल्याच रिंगला उचलला. सुट्टीच्या दिवशी मास्तरांचा फोन म्हणजे कुणाचा दात पडला की काय, असं त्यांच्या आवाजात होतं.

"बाई," तो म्हणाला, "भट्टीचा दोष नव्हता. शेड मीच चुकवत होतो. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, बहुतेक. आत्ता कळलं. गुरुवारी बोललो ते..." त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. "उद्या डॉक्टरीणबाईंना मी सांगतो. तुमच्यासमोर सांगतो."

भट्टीबाई म्हणाल्या, "डोळाच ना? हुश्श. मला भलतंच वाटत होतं हो. तुम्ही वडिलांचं सांगायचात ना, त्यामुळे."

"म्हणजे? तुम्हाला शेडचं माहीत होतं?"

"पाच-सहा महिने झाले. तुम्ही पसंत केलेला दात मी पंख्याला लावून बघायची. बसत नसेल तर शेवटच्या भाजणीआधी ब्रशने जरा सारखा करायची. तुम्ही चहाला गेलात की."

"सगळे?"

"सगळे नाही, बरेचसे. तीन राहिले ना."

"ते कसे राहिले?"

भट्टीबाई जरा अडखळल्या. "ते माझ्या रजेतले, मास्तर. बहिणीकडे गेले होते ना मी, दोनदा. तेव्हा भट्टी तुम्हीच लावली होती."

तो पलंगाच्या कडेवर बसला. दात बसवेपर्यंत आठवडा जातो, परत यायला आणखी काही दिवस. कुठला दात कुणी कधी भाजला हे त्याने कधी रजेशी ताडून पाहिलंच नव्हतं. आणि ज्या तीन दातांना या बाईचा हात लागला नव्हता, नेमके तेच त्याने तिच्या अंगावर टाकले होते. लाज वाटली. "मग गुरुवारी बोलला का नाहीत?" त्याने विचारलं.

"डॉक्टरीणबाईंसमोर? मला पंखा हातात धरायला तुम्हीच शिकवलंत ना? म्हटलं, बरं म्हणावं आणि गप बसावं." मग त्यांचा आवाज बदलला. "पण राग आला होता हां. घरी जाऊन दोन भांडी आपटली. एकाला पोचा आलाय."

"भांडं मी आणून देतो."

"ते नको. ऑपरेशन करून या."

"येतो. आणि तोवर शेड तुम्ही लावा. उघड, माझ्यासमोर. भट्टी मी बघतो."

"भट्टी नीट बघा मात्र," भट्टीबाई म्हणाल्या. "लक्ष ठेवावं लागतं." आणि त्या हसल्या. त्यालाही हसू आलं.

तो बाहेर आला तेव्हा चित्र आलेलं होतं. आवाजही दोन्ही बाजूंनी स्वच्छ येत होता. ताई कप घेऊन खुर्चीत बसली होती आणि बायकोने त्याची जागा मोकळी ठेवली होती. पडद्यावर बायकांच्या चार रांगा उभ्या होत्या, एकीसारखी दुसरी, तोंडं एकदम उघडत आणि एकदम मिटत. चेहरे बारीक होते. तो शेजारी टेकला. या गाण्याला तो सभागृहात तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता, आणि पांढरं नि फिकं पिवळं एकच दिसत असल्यामुळे तेव्हाही त्याला बायका पांढऱ्याच वाटल्या होत्या.

"सापडतेय का मी?" बायकोने विचारलं. तिने टीव्हीवरची नजर काढली नाही, पण प्रश्न नुसता तेवढाच नव्हता हे त्याला कळलं.

त्याने तळवा उजव्या डोळ्यावर ठेवला आणि पडद्याकडे नीट पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "ती काय, पिवळ्या कपड्यांतली."

"सगळ्याच पिवळ्यात आहेत," बायको म्हणाली.

"हो ना," तो म्हणाला, "सगळ्याच पिवळ्यात आहेत गं," आणि गाणं संपेपर्यंत त्याने डोळ्यावरचा हात काढला नाही.